पट आणि फळा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आम्ही चाळीस वर्षे महाविद्यालयात गणित शिकविले आणि तितकीच वर्षे बुद्धिबळ खेळलो. ‘दोन डगरींवर हात कशाला?’ असे वडीलधारी मंडळी विचारीत. आम्ही डॉ. मॅक्स यूव यांचा दाखला देत असू. हे डच गृहस्थ १९२६ साली गणितात डॉक्टर झाले, ॲमस्टरडॅमला मुलींच्या शाळेत शिक्षक राहिले आणि १९३५ साली अलेखिन यांना तीस डावांत १५½–१४½ असे हरवून जगज्जेते झाले. १९३७ साली ते पद गेले. अध्यापनाशी नाते मात्र तुटले नाही. १९६४ साली ते प्राध्यापक झाले.

दाखला देणे सोपे असते. एका स्पर्धेच्या अखेरच्या फेरीत आमचे एक प्यादे अधिक असताना डाव तहकूब झाला. सकाळी परीक्षेचे पर्यवेक्षण होते. रात्रीची गाडी गाठण्यासाठी आम्ही बरोबरी पत्करली आणि विजेतेपद अर्ध्या गुणाने हुकले. कित्येक वर्षे आम्ही नोकरीला बोल लावीत राहिलो. निवृत्तीनंतर तो हत्ती-प्याद्यांचा डाव पुन्हा मांडला, तेव्हा कळून आले की, प्रतिपक्षाने अचूक खेळ केला असता तर तो बरोबरीतच सुटला असता!

विद्यार्थिमित्रहो, छंद अवश्य जोपासा. परंतु त्यातील उणेपण चरितार्थाच्या माथी मारू नका. आणि पालकहो, मुलांचा पट उधळू नका. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.