फोन हँडलला लावताय? मग कॅमेऱ्याचं बघा

आज बोलायचंय ते गाडीच्या हँडलला लावलेल्या मोबाईलबद्दल. आठवडी बाजारात हल्ली मोबाईलचे स्टँड टांगलेले दिसतात. चार बोटांची पकड, खाली स्क्रू, मध्ये फोन. स्कूटी चालवणाऱ्या बाईला ते सोयीचं वाटतं. अनोळखी गावाला मालाची डिलिव्हरी द्यायची असली की नकाशा समोर दिसतो, फोन आला तर कुणाचा आहे ते कळतं. पर्समध्ये चाचपडावं लागत नाही. सोय आहे, यात वाद नाही. पण या सोयीपायी फोनचा मागचा कॅमेरा हळूहळू खराब होऊ शकतो, आणि ते लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

कॅमेरा गेला तर काय मोठंसं, फोटोच काढायचे नाहीत, असं कुणी म्हणेल. आता तसं राहिलेलं नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावर पिकाची नोंद व्हायची तर शेतात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढावा लागतो. अंगणवाडीताईंना पोषण ट्रॅकरमध्ये चेहरा ओळखण्यासाठी फोटो घ्यावा लागतो. बियाण्याच्या दुकानात पैसे द्यायचे तर क्यूआर कोड स्कॅन करायचा. गटाच्या लोणच्या-पापडाचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकल्याशिवाय ऑर्डर येत नाही, आणि बँकेत देण्याआधी पासबुकाच्या पानाचा फोटो काढून ठेवायची सवय तर आता सगळ्यांनाच लागली आहे. ही सगळी कामं मागच्या कॅमेऱ्याची. बहुतेक गटांत बरा कॅमेरा असलेला फोन एखाद-दुसरीकडेच असतो. आणि गाडीवरून गावोगाव फिरणारीही बहुधा तीच असते.

तर हा कॅमेरा बिघडतो कसा, ते आधी समजून घेऊ.

फोनचा कॅमेरा म्हणजे आत घट्ट बसवलेली काच, अशी आपली समजूत असते. पण ते भिंग हलतं. जवळचं अक्षर बघायचं असलं की ते पुढे सरकतं, लांबचा डोंगर बघायचा असला की मागे येतं. त्यासाठी भिंगाभोवती बारीक तारेचं वेटोळं असतं, शेजारी इवलासा चुंबक असतो आणि भिंगाला धरून ठेवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगा असतात. वेटोळ्यातून वीज गेली की भिंग सरकतं. तुम्ही आत्ता ज्या स्पीकरमधून आमचा आवाज ऐकताय, त्याच्या आतही हेच आहे, वेटोळं आणि चुंबक. तिथे कागदाचा पडदा हलतो, कॅमेऱ्यात भिंग हलतं, एवढाच फरक.

थोड्या महागातल्या फोनांत याच्या जोडीला आणखी एक व्यवस्था असते. तिला ओआयएस म्हणतात. फोटो काढताना आपला हात थोडासा थरथरतोच. फोनमधला एक सेन्सर ती थरथर मोजतो आणि भिंग तेवढंच उलट्या दिशेला सरकवतो, म्हणजे फोटो पुसट येत नाही. डोक्यावर हंडा-कळशी घेऊन चालणारी बाई मान आणि कंबर कशी सांभाळते, पाय खड्ड्यात गेला तरी पाणी सांडत नाही, तसंच हे. त्यासाठी भिंगाला आत मोकळं ठेवावं लागतं. असा काही फोनांचा कॅमेरा बंद असताना फोन कानाजवळ धरून अलगद हलवला, तर आतून बारीकसा टकटक आवाज येतो. तो बिघाड नव्हे, मोकळं भिंग हलतंय त्याचा आवाज. (उगाच जोरजोरात हलवून बघू नका हं!)

आता ही नाजूक वस्तू गाडीच्या हँडलवर बसवली. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींना आणि स्कूटरना एकच सिलिंडर असतो. त्यात पिस्टन वर-खाली होतो, त्याचे हिसके इंजिनातून गाडीच्या सांगाड्यात आणि तिथून हँडलमध्ये येतात. इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला ऐंशीच्या वर फेरे झाले, आणि तासाभरात तीन लाख. लांब पल्ल्यानंतर तळहाताला मुंग्या येतात त्या यामुळेच. आपला हात चामडं-मांसाचा, तो बरीचशी थरथर पिऊन टाकतो. लोखंडी पकडीतला फोन ती जशीच्या तशी घेतो. हंड्याखालची बाई एक-दोन खड्डे सांभाळेल, पण सेकंदाला ऐंशी हिसके बसत राहिले तर काय होईल, विचार करा.

ही नुसती ऐकीव गोष्ट नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपल कंपनीनं आपल्या आयफोनबद्दल तसं लेखी जाहीर केलं. मोठ्या ताकदीच्या मोटारसायकलच्या इंजिनाची कंपनं सांगाड्यातून आणि हँडलमधून फोनला लागतात आणि त्यानं कॅमेऱ्याचं काम बिघडू शकतं, म्हणून अशा गाड्यांवर फोन लावू नका, असा सल्ला त्यांनी दिला. मोपेड, स्कूटर, विजेवरची गाडी यांचं कंपन त्या मानानं कमी, तरीही तिथे कंपन शोषणारा स्टँड वापरा आणि रोज जास्त वेळ लावून ठेवू नका, असंही सांगितलं. आपल्यातल्या किती जणींकडे आयफोन आहे, हा प्रश्न बाजूला ठेवू. ओआयएस आणि सरकणारं भिंग इतर कंपन्यांच्या फोनांतही असतं, त्यामुळे सल्ला त्यांनाही लागू पडतो. ज्या साध्या फोनात ओआयएस नाही, त्याला धोका कमी. पण सरकणारं भिंग त्यातही बहुधा असतंच, तेव्हा अगदी निर्धास्त राहू नये. आपल्या फोनात ओआयएस आहे का, हे फोनच्या खोक्यावर किंवा दुकानात विचारून कळतं.

आपल्या गाडीचं हँडल किती थरथरतं, हे बघायला कुठलं यंत्र लागत नाही. गाडीचा आरसा बघा. ठराविक वेगाला आरशातलं मागचं चित्र पुसट होतं, मग वेग थोडा वाढवला किंवा कमी केला की पुन्हा स्वच्छ दिसतं. ज्या वेगाला आरसा पुसट, त्या वेगाला तिथला फोनही तसाच थरथरतोय असं समजा. आणि म्हणूनच आरशाच्या दांडीवर बसवायचा स्टँड आम्हाला अजिबात पसंत नाही. दांडी लांब, टोकाला फोनचं वजन, म्हणजे थरथर आणखी वाढणार. दुकानदार तोच पुढे करतो, कारण बसवायला सोपा. लावायचाच असेल तर हँडलच्या मधोमध, दांडी जितकी आखूड तितकं बरं.

आमचं म्हणणं विचाराल तर, फोनची सगळ्यात चांगली जागा गाडीवर नाहीच, आपल्या अंगावर आहे. कुर्त्याच्या खिशात, नाहीतर खांद्याला अडकवून छातीशी घेतलेल्या पर्समध्ये. सीट आणि आपलं शरीर मिळून कंपन शोषून घेतात. डिकीत टाकू नका. तिथे फोन सुटा आदळतो आणि उन्हात तापतो तो वेगळाच. नकाशा लागणार असेल तर निघण्याआधी रस्ता एकदा नीट बघून घ्या, आणि फाटा आला की गाडी बाजूला थांबवून पुन्हा बघा. पाच मिनिटं जास्त जातील. चालत्या गाडीवर फोन हातात धरणं तर जिवाशी खेळ आहेच, शिवाय दंडही बसतो. हँडलवरचा फोनसुद्धा नजर रस्त्यावरून काढतो, हे विसरू नका.

पण काही जणींचं कामच असं आहे की नकाशा समोर हवाच. रोज नव्या घरी पार्सल पोचवणारीला दर फाट्याला थांबून कसं चालेल? तिनं कंपन शोषणारा स्टँड घ्यावा. त्यात फोनची पकड आणि हँडलचा क्लॅम्प यांच्या मध्ये रबराच्या किंवा सिलिकॉनच्या गुट्ट्या असतात. दुकानात हातानं पकड हलवून बघा. ती थोडीशी लवचीक लागली पाहिजे आणि सोडल्यावर लगेच जागेवर स्थिर झाली पाहिजे. अगदी दगडासारखी घट्ट असेल तर कंपन थेट फोनला जाईल. आणि फारच लुळी असेल तर खड्ड्यात फोन उड्या मारेल, तेही वाईटच. असा स्टँड साध्यापेक्षा महाग पडतो, पण कॅमेरा बदलण्याच्या खर्चापुढे तो परवडतो.

सायकलची जुनी ट्यूब कापून क्लॅम्पखाली गुंडाळली तर चालेल का? क्लॅम्प घसरत नाही आणि खडखड थांबते, इतका तिचा उपयोग नक्की आहे. बारीक थरथरही किंचित कमी होत असेल. पण ट्यूब गुंडाळली म्हणजे कॅमेरा वाचला, असं मानू नका. आवळल्यावर ती चपटी होते आणि मग जवळजवळ घट्टच बसते.

स्टँड कुठलाही असो, मुक्कामाला पोचलं की फोन काढून घ्यायचा. ओळखीच्या रस्त्यावर लावायचाच नाही. गावातल्या गावात नकाशा कशाला हवा? घरात जुना, काच तडकलेला पण चालू असलेला फोन पडून असेल तर नकाशासाठी तो लावा आणि कामाचा फोन खिशात ठेवा. ही युक्ती आम्हाला सगळ्यात आवडते.

जाता जाता आणखी एक. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, पॉवर टिलरला, गटाच्या पिठाच्या गिरणीवर फोन ठेवून गाणी लावायची सवय असते. तिथेही तीच थरथर असते. फोन भिंतीला खुंटीवर पिशवीत अडकवा, गाणी तिथूनही ऐकू येतात.

कॅमेरा बिघडतोय का, हे ओळखायला आजच एक काम करा. वर्तमानपत्राचं पान टेबलावर ठेवा, दिवसाच्या उजेडात हातभर अंतरावरून त्याचा फोटो काढा आणि तो जपून ठेवा. दर महिन्याला गटाच्या बैठकीत तसाच फोटो पुन्हा काढायचा आणि जुन्याशी ताडून बघायचा. अक्षरं पूर्वीइतकी स्पष्ट येत नसतील, हात स्थिर असून पडद्यावरचं चित्र थरथरत असेल, भिंग सारखं पुढे-मागे होऊन कुठेच थांबत नसेल, किंवा कॅमेरा उघडल्यावर आतून गुणगुण ऐकू येत असेल, तर फोन हँडलवर लावणं त्याच दिवशी बंद करा.

लगेच दुकानात मात्र पळू नका. आधी मऊ कापडानं काच पुसा. पिठाचा नाहीतर तेलाचा हात लागलेला असतो, अर्धी तक्रार तिथेच मिटते. फोनचं कव्हर काढून बघा, कव्हरला चुंबक असेल तर त्यानंही भिंग गोंधळतं. फोन बंद करून चालू करा. मग पुढच्या कॅमेऱ्यानं फोटो काढा. पुढचा कॅमेरा चांगला चालतोय आणि मागचाच थरथरतोय, तर भिंगाची यंत्रणा बिघडल्याचा संशय घ्यायला हरकत नाही. ती यंत्रणा सहसा दुरुस्त होत नाही, कॅमेऱ्याचा आख्खा भाग बदलावा लागतो. दुकानदाराला किंमत आधी विचारा, भाग कंपनीचा आहे की दुसरा तेही विचारा, आणि फोन हातातून देण्याआधी आतले फोटो दुसरीकडे उतरवून घ्या.

शेवटी गटांसाठी एक सूचना. जिच्या फोनवर गटाची कामं होतात, तिचा फोन झिजतो तो सगळ्यांसाठी. मग चांगल्या स्टँडचा खर्च तिनं एकटीनं का करावा? येत्या बैठकीत हा विषय मांडा, गटाच्या पैशातून खर्च करायचा का ते ठरवा आणि जे ठरेल ते इतिवृत्तात लिहून ठेवा. ज्या गटांत दुसरा जुना फोन वापरून बघाल, त्यांनी अनुभव आम्हाला पत्रानं नाहीतर फोननं जरूर कळवा, तो आम्ही याच कार्यक्रमात सांगू.