पडवीतला कारखाना आणि पाळणा



रत्नागिरी जिल्ह्यातील काजूचा धंदा केवळ कारखान्याच्या छपराखाली चालत नाही. फोडलेल्या काजूचे गर घरी आणून त्यांची तांबूस साल सोलण्याचे काम अनेक स्त्रिया पडवीत बसून करतात. मजुरी किलोवर ठरते. रांगते मूल सुपाकडे सरकले, की आईचा हात थांबतो. आणि हात थांबला, की मजुरीही थांबते. घरचा पुरुष मुंबईस, सासू थकलेली. मग थोरली मुलगी शाळा बुडवून धाकट्याला कडेवर घेते. आईच्या मजुरीची किंमत अशा रीतीने मुलीच्या शिक्षणातून वसूल होते.

‘बाई घरीच असते, तिला पाळणाघर कशाला?’ हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडीही येतो. परंतु घरी असणे म्हणजे मोकळे असणे नव्हे. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाळणाघराची जबाबदारी मालकावर टाकली. प्रथम पन्नासहून अधिक स्त्री-कामगारांची अट होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती तीसवर आली. मात्र काम पडवीत गेले, की हा हक्क दाराबाहेरच राहतो. जागा, वीज आणि पाळणा या तिन्हींचा खर्च मजूर स्त्रीच्या माथी पडतो व मालक त्यातून मोकळा होतो. घरबसल्या श्रमिकांना समान वागणूक देणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार १९९६ साली झाला. भारताने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आरंभलेल्या कार्यातून अंगणवाडीची कल्पना रुजली. १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेने ती देशभर नेली. परंतु अंगणवाडी काही तासच चालते, आणि तीन वर्षांखालील मुलांना तेथे दिवसभर ठेवण्याची सोय सहसा नसते. २०२२ पासून केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. तेव्हा आपली मागणी स्पष्ट असावी : जेथे घरोघर काजू सोलले जातात, त्या वाडीत दिवसभराचे पाळणाघर हवे, आणि त्याच्या खर्चाचा वाटा काम वाटणाऱ्या मालकाने उचलावा.

मात्र हा भार मानधनावर राबणाऱ्या सेविकेवर फुकट लादला जाऊ नये. एका स्त्रीचे ओझे दुसरीच्या डोक्यावर ठेवणे हा समाजवाद नव्हे. त्यासाठी स्वतंत्र, पुरेशा वेतनाची जागा हवी.

पहिले काम गणनेचे आहे. प्रत्येक वाडीत किती पडव्यांत काम चालते आणि तेथे किती लहान मुले आहेत, याची यादी कार्यकर्त्यांनी करावी व ती ग्रामसभेपुढे ठेवावी. जे श्रम मोजले जात नाहीत, त्यांचे हक्कही कोणी मोजत नाही.