करही आमचा, वर्गणीही आमची



 परिषदेच्या अध्यक्षाने चालू प्रश्नांचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. ती बाजूला ठेवून मी आज अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या एका इतिहासाकडे लक्ष वेधणार आहे. तो आपल्याला परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना. ती कृतज्ञता उचितच होती. मात्र मुक्तीनंतरच्या शाळांकडेही केवळ उपकाराच्या नजरेने पाहिले, तर निम्मा इतिहास हातून निसटतो. माझे म्हणणे असे की, त्या शाळांची पहिली उभारणी कालपर्यंत गुलाम असलेल्या माणसांनी केली आणि शिक्षण ही सरकारची जबाबदारी आहे, हेही दक्षिणेला प्रामुख्याने त्यांनीच मान्य करायला लावले.

पुरावा पाहू. गुलामाला लिहायला शिकवणे साउथ कॅरोलिनात १७४० पासून गुन्हा होता. १८३१ च्या सुमारास व्हर्जिनियासारख्या राज्यांनी असे निर्बंध आणखी कडक केले. तरीही चोरून शिकणे-शिकवणे चालूच राहिले, आणि उत्तर-दक्षिणेतले यादवी युद्ध पेटताच ते उघड्यावर आले. १८६१ मध्ये व्हर्जिनियातल्या मनरो किल्ल्याजवळ मेरी पीक या कृष्णवर्णीय शिक्षिका पळून आलेल्या गुलामांच्या मुलांना शिकवू लागल्या होत्या. जॉर्जियातले सव्हाना शहर उत्तरेच्या फौजेच्या हाती येताच, १८६५ च्या आरंभी, तिथल्या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी शिक्षण मंडळ स्थापले, वर्गणी गोळा केली, आपल्यातलेच शिक्षक नेमले. जिथे माणसांचा लिलाव होई त्या जागेत वर्ग भरू लागले. फ्रीडमेन्स ब्यूरो हे मुक्त झालेल्या गुलामांसाठीचे सरकारी खाते मार्च १८६५ मध्ये निर्माण झाले. त्याचे शाळा-निरीक्षक जॉन अल्व्हर्ड दौऱ्यावर निघाले, तेव्हा लोकांनी आपणहून चालवलेल्या शाळा त्यांना ठिकठिकाणी आढळल्या. अशा किमान ५०० शाळा असाव्यात, असा त्यांचा अंदाज होता. ज्या खात्याने शाळा दिल्या असे आपण म्हणतो, त्याच्याच अधिकाऱ्याची ही साक्ष आहे.

यावर आक्षेप असा की, उत्तरेचा पैसा आणि शिक्षक आले नसते तर हे सारे वर्षभरात कोलमडले असते. त्यात तथ्य आहे. सव्हानाच्या त्या मंडळालाच पैशाअभावी शाळा उत्तरेतल्या अमेरिकन मिशनरी असोसिएशनच्या हाती सोपवाव्या लागल्या. परंतु यातून गरिबी सिद्ध होते, परावलंबी वृत्ती नव्हे. मजुरीही धड हाती न पडणाऱ्या समाजाला दानावर शाळा टिकणार नाही, हे पुरते कळले होते. म्हणूनच त्याने राज्याकडे मोर्चा वळवला. साउथ कॅरोलिनाच्या १८६८ च्या घटना परिषदेत बहुसंख्य प्रतिनिधी कृष्णवर्णीय होते, आणि सक्तीच्या मोफत शिक्षणाचा आग्रह धरणारे रॉबर्ट स्मॉल्स स्वतः जन्माने गुलाम होते. त्या घटनेने सर्वांसाठी सार्वजनिक शाळांची तरतूद केली. गरीब गोऱ्यांची मुलेही या व्यवस्थेची लाभार्थी ठरली. दक्षिणेत सरकारी खर्चाने सर्वांना शिक्षण ही कल्पना कृष्णवर्णीयांचीच, हा निष्कर्ष इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी १९३५ मध्ये ठामपणे मांडला.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: शिकून मिळाले काय? १८९० च्या मिसिसिपीच्या घटनेने साक्षरतेची अटच मताधिकार हिरावण्याचे हत्यार केली आणि शाळाही वेगळ्या, निकृष्ट ठेवल्या. हे खरे आहे. पण शिक्षण निरुपयोगी असते तर त्याचा एवढा धसका कोणी घेतला नसता. १८६६ च्या मेम्फिसच्या दंगलीत कृष्णवर्णीयांच्या घरांबरोबर १२ शाळाही जाळल्या गेल्या. एवढे होऊनही १८७० मध्ये सुमारे ८० टक्के असलेली कृष्णवर्णीयांची निरक्षरता १९१० पर्यंत ३० टक्क्यांच्या आसपास उतरली. शाळेने समता आणली नाही हे मान्य; पण समता मागणारी, अर्ज लिहिणारी, वृत्तपत्रे चालवणारी पिढी तिने घडवली.

तिसरा युक्तिवाद मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो स्तुतीचा वेश घेऊन येतो: लोक जर स्वबळावर शाळा काढू शकतात, तर सरकार हवे कशाला? याचे उत्तर रोझेनवाल्ड शाळांच्या हिशेबात आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात दक्षिणेत अशा सुमारे ५,००० शाळा बांधल्या गेल्या. त्यांना नाव मिळाले ते देणगीदार ज्युलियस रोझेनवाल्ड यांचे. पण इमारतींसाठी कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी दिलेली सुमारे ४७ लाख डॉलरची वर्गणी रोझेनवाल्ड निधीच्या वाट्यापेक्षा अधिक होती. हेच लोक करही भरत होते, आणि त्या करातला मोठा हिस्सा गोऱ्यांच्या शाळांकडे वळत होता. स्वावलंबनाच्या नावाखाली त्यांच्याकडून एकाच शाळेची किंमत दोनदा वसूल झाली. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे फुल्यांनी हेच दुखणे मांडले होते: महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी त्यातूनच आली.

म्हणून लोकवर्गणीचा गौरव करताना तिला सरकारच्या जबाबदारीचा पर्याय मानू नये, आणि सरकारी शाळेचा इतिहास लिहिताना ती मागणाऱ्यांना केवळ लाभार्थी ठरवू नये. या परिषदेने शाळांच्या इतिहासाचे काम हाती घ्यावे, अशी माझी सूचना आहे. त्यात संस्थापकांच्या चरित्रांइतकीच जागा वर्गणीच्या वह्यांना, पालकांच्या अर्जांना आणि कराच्या हिशेबांना मिळावी. शाळेवर खरा हक्क कोणाचा, हे ठरवताना ती कागदपत्रे आपल्या कामी येतील.