पवनचक्कीच्या विजेमागचा वायू: एसएफ-सिक्स

वाशी, भूम, कळंबकडून रात्री जाताना माळावर पवनचक्क्यांचे लाल दिवे दिसतात. ती वीज उपकेंद्रात येते. तिथल्या उच्च दाबाच्या बहुतेक ब्रेकरमध्ये सल्फर हेक्झाफ्लोराइड, म्हणजेच एसएफ-सिक्स वायू भरलेला असतो. आज त्याच्याबद्दल बोलू.

घरातलं बटण बंद करताना बारीक ठिणगी उडते. २२० केव्हीला तिचा चांगला जाळ होतो. एसएफ-सिक्स तो चटकन विझवतो; विजेला अडवण्यात तो हवेच्या साधारण अडीचपट भारी. त्याला रंग नाही, वास नाही, तो पेटत नाही. शुद्ध असेल तर विषारीही नाही. यूट्यूबवर लोक तो ओढून घोगरा आवाज काढतात. तुम्ही चुकूनही करू नका.

कारण तो हवेपेक्षा पाचपट जड आहे. गळला की केबलच्या चरात, तळघरात साचतो आणि हवा बाहेर ढकलतो. आत उतरणाऱ्याला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. आपल्याकडे जुनी माणसं विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची. इथे कंदील नको, ऑक्सिजन मीटर हवा.

दुसरा धोका ब्रेकर उघडताना. आतल्या जाळामुळे थोडा वायू फुटतो. त्यातून आणि दमटपणातून थायोनिल फ्लोराइड, सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन फ्लोराइड तयार होतात. हे मात्र विषारी. नाकाला झोंबणारा वास आणि आत पांढरट-करडी पूड, ही त्याची खूण. ती पूड हाताने किंवा झाडूने काढायची नाही. हायड्रोजन फ्लोराइड कातडीतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम खातं. दुखणं कधी कधी काही तासांनी सुरू होतं. लागलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लावायचं आणि थेट दवाखाना गाठायचा.

आता आमची सॉफ्टवेअरवाल्यांची बाजू. स्क्रीनवर हा वायू म्हणजे दाबाचा नुसता एक आकडा. तो घसरला की अलार्म वाजतो. पण गेलेला वायू कुठेतरी साचलेला असतो, किंवा वर हवेत गेलेला असतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने १ किलो एसएफ-सिक्स म्हणजे जवळपास २३.५ टन कार्बन डायऑक्साइड! म्हणूनच युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२६ पासून २४ केव्हीपर्यंतच्या नव्या उपकरणांत त्याला बंदी घातली.

आयटीआय, डिप्लोमा करून साइटवर जाणाऱ्या मित्रांनो, कामाला हात लावण्याआधी तीन प्रश्न विचारा. वायू काढून घेतला का? ऑक्सिजन मोजला का? जेल कुठे ठेवलंय? उत्तर मिळेपर्यंत खाली उतरू नका. हेल्पर म्हणून गेला असाल, तरीही विचाराच.