देणाऱ्या हाताची जखम

(सुवर्णमहोत्सवी समारंभात एका शल्यचिकित्सकाने केलेले भाषण)



उत्सवप्रसंगी शस्त्रक्रियेचा विषय काढणे काहींना औचित्याला सोडून वाटेल. परंतु तंबाखू-सुपारीपायी होणारा तोंडाचा कर्करोग आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि आपले मंडळही त्याला अपवाद राहिलेले नाही. म्हणून त्यावरील उपचाराच्या एका उपेक्षित अंगाविषयी बोलण्याची अनुज्ञा मागतो.

जिभेचा मोठा भाग काढावा लागला, की ती उणीव भरण्यासाठी पुष्कळदा रुग्णाच्याच हाताची, मनगटाजवळची आतल्या बाजूची कातडी घेतात. चीनमधील यांग गुओफान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ही पद्धत प्रसिद्ध केली; तिला ‘चिनी फ्लॅप’ असेही म्हणतात. वैद्य जिच्यावर बोटे ठेवून नाडी पाहतात, त्या धमनीसह ही पातळ, मऊ कातडी उचलून सूक्ष्मदर्शकाखाली मानेतील रक्तवाहिन्यांना जोडतात. जीभ नव्याने घडते. सारे कौतुक तिचे होते. हाताकडे कोण पाहतो?

हे दुर्लक्ष जुनेच आहे. पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिल्याची हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापली. नाकाची वार्ता सातासमुद्रापार गेली. कपाळाची आठवण क्वचितच कोणी काढतो.

हा दोष मजकडूनही घडला आहे. आरतीला पेटीची साथ करणारे एक गृहस्थ माझे रुग्ण होते. ते उजवे, म्हणून डाव्या हाताची कातडी घेतली. जीभ उत्तम जगली. पाचव्या दिवशी हाताची पट्टी सोडली, तो रुपयाएवढा भाग काळा पडलेला आणि खाली कंडरा उघडी! अस्पष्ट उच्चारांत त्यांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, जीभ आली, पण आता भाता कोण ओढणार?” जिभेविषयी मी त्यांना सर्व सांगितले होते, हाताविषयी एक वाक्यही नाही.

मनगटाची कातडी ताणलेली असते. जखम लहान असेल तर कडा जुळवून शिवता येते, किंवा करंगळीच्या बाजूची कातडी सरकवता येते. मोठी असेल तर दुसरीकडची त्वचा लावावी लागते. मांडीवरून सोललेली पातळ त्वचा लवकर रुजते, पण आकसते, आणि मांडीही काही दिवस दुखते. जांघेतून घेतलेली पूर्ण जाडीची त्वचा अधिक शोभते, तिची जागा सरळ शिवता येते. मात्र ती रुजणे कठीण. कोणतीही लावा, ती जगते खालच्या रक्तावर. म्हणूनच कंडरांवरचे तलम आवरण जपणे ही खरी गुरुकिल्ली होय. उघड्या कंडरेवर त्वचा रुजत नाही. वरून कापसाची गादी घट्ट बांधून मनगट सुमारे आठवडाभर फळीवर स्थिर ठेवावे लागते. हात हलला किंवा खाली रक्त साचले, की त्वचा उचलली जाते.

त्या गृहस्थांची जखम भरायला कित्येक आठवडे लागले. मनगट आखडले होते; व्यायामाने ते हळूहळू सुटले. पुढच्या गणेशोत्सवात ते पेटीवर बसले. अंगठ्याच्या मागची बधिरता व हातावरचा खड्डा मात्र राहिला.

आपण दूरदेशी राहतो. घरी असा प्रसंग आला, तर सल्ला विचारायला वडीलधारे जवळ नसतात. म्हणून एवढे ध्यानात ठेवावे : कोणता हात घेणार, हे आधी विचारा आणि त्या हाताचा उपयोग तुमच्या माणसाला कशासाठी होतो ते डॉक्टरांना सांगा. मूठ आवळून, मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून, करंगळीकडची सोडल्यावर पंजा पुन्हा लाल होतो का, ही तपासणी झाली ना, हे पाहा. ज्या हाताची कातडी घ्यायची, त्यात आधी सुई वा सलाईन टोचू देऊ नका. हाताची जखम कशी बंद करणार, हेही निःसंकोच विचारा.

घेतलेले अंग जगले म्हणजे शस्त्रक्रिया अर्धी झाली. देणारे अंग पुन्हा कामाला लागले म्हणजे ती पूर्ण झाली. हे मला शाळेने नव्हे, त्या पेटीवाल्यांनी शिकविले.