छपाईचा कारभारी

अमरावती-अकोल्याकडील एखाद्या शाळेच्या कचेरींत संगणक दहा आणि प्रिंटर मात्र एकच, हा प्रकार नवलाचा नाहीं. निकालाचे दिवस आले कीं प्रत्येक शिक्षकाला आपलीं गुणपत्रकें आधीं छापून हवीं असतात. प्रिंटर तर एका वेळीं एकाचेंच काम करणार. तेव्हां कोणाचें काम आधीं व कोणाचें मागाहून, हें ठरविणारा कारभारी लागतो. प्रिंट सर्व्हर म्हणजे हाच कारभारी होय. त्यासाठीं महाग सामग्रीची गरज नसते. अडगळींत पडलेला जुना संगणकही लिनक्स घालून या कामास जुंपतां येतो.

लिनक्सवर हा कारभार 'कप्स' नांवाची प्रणाली पाहते. मायकेल स्वीट यांनीं १९९७ सालीं तिची रचना आरंभिली आणि १९९९ सालीं ती लोकांच्या हातीं आली. पडद्यावरील चित्रांवर टिचक्या मारूनही तिची मांडणी करितां येते. परंतु आज्ञा टाइप करून देण्याचा मार्ग अधिक नेमका आहे. नवा प्रिंटर नोंदविण्याची आज्ञा 'एलपीॲडमिन' ही होय. तिच्यापुढें, प्रत्येक खुणेआधीं आडवी रेघ देऊन, 'पी' या अक्षरानंतर प्रिंटरचें नांव, 'व्ही' नंतर जाळ्यांतील त्याचा पत्ता आणि 'एम' नंतर 'एव्हरीव्हेअर' हा शब्द लिहिला, म्हणजे अलीकडील बहुतेक प्रिंटर आपले गुणधर्म आपणच कळवितात. नांवानंतर मोठ्या लिपींतील 'ई' लिहावयास विसरूं नये. त्यावांचून नवी रांग बंदच राहते. हेंच अक्षर नांवाच्या आधीं पडलें तर त्याचा अर्थ पालटतो, आणि सर्व्हरशीं होणारें बोलणें सांकेतिक करावें असा हुकूम होऊन बसतो.

कापसाच्या हंगामांत जिनिंग कारखान्याच्या फाटकाशीं लागणारी गाड्यांची रांग वऱ्हाडांत सर्वांच्या परिचयाची आहे. तेथें दोन गोष्टी निराळ्या असतात: फाटक उघडें आहे कीं नाहीं, आणि आंतील यंत्र चालू आहे कीं नाहीं. कप्सचेंही तसेंच आहे. 'कप्सरिजेक्ट' ही आज्ञा फाटक लावते. आंत आलेल्या गाड्यांचें काम मात्र पुरें होतें. 'कप्सडिसेबल' ही आज्ञा यंत्र थांबविते, पण फाटक उघडेंच राहतें आणि गाड्या आंत येतच राहतात. प्रिंटरशीं संबंध तुटला कीं पुष्कळदां सर्व्हर आपण होऊन हा दुसरा प्रकार करितो. कागद येत नाहीं म्हणून शिक्षक छापण्याची कळ पुन्हां पुन्हां दाबतो, आणि दर खेपेस रांगेंत आणखी एक गाडी उभी राहते. दुसऱ्या दिवशीं कोणी यंत्र सुरू केलें कीं एकाच गुणपत्रकाच्या वीस प्रती बाहेर पडतात. कागद वायां गेला तो गेलाच. पण त्या रांगेंत आदल्या सायंकाळची प्रश्नपत्रिका असेल तर ती सर्वांदेखत बाहेर येते. म्हणून क्रम असा ठेवावा: प्रथम 'एलपीस्टॅट'नें रांग पाहावी, नंतर 'कॅन्सल'नें नको तीं कामें काढावीं आणि मगच 'कप्सएनेबल'नें यंत्र सुरू करावें.

या कारभाऱ्याचें दार ६३१ क्रमांकाचें असतें. तें शाळेच्या जाळ्यापुरतेंच उघडें असावें. सप्टेंबर २०२४ मध्यें कप्सच्या जोडीच्या 'कप्स-ब्राउज्ड' या भागांतील दोष उघडकीस आले, तेव्हां ज्यांचें हें दार साऱ्या जगाला खुलें होतें त्यांना अधिक धोका होता.

टिचक्यांनीं केलेली मांडणी करणाऱ्याच्या डोक्यांत राहते. तो बदलून गेला कीं तीही जाते. आज्ञा मात्र कचेरीच्या वहींत उतरून ठेवतां येतात, आणि संगणक बिघडला तर त्याच चार ओळी नव्या संगणकावर पुन्हां चालवितां येतात. अकोल्याच्या शाखेंतील रांग अडली तर अमरावतीचा जाणकार, सुमारें शंभर किलोमीटरांचा प्रवास न करितां, दुरूनच ती मोकळी करूं शकतो. कारभारी कोणीही असो, कारभाराची वही कचेरींतच राहिली पाहिजे.