रस्ताही पाण्यासारखाच : राळेगणसिद्धीचा धडा आणि शहरांची सार्वजनिक वाहतूक



पुण्याहून नगरकडे निघाले, शिरूर मागे पडले आणि घोडनदी ओलांडली की पारनेर तालुक्यातील माळराने सुरू होतात. वाडेगव्हाणच्या फाट्यावरून आत वळले की काही किलोमीटरवर राळेगणसिद्धी लागते. गेली अनेक दशके देशभरातून माणसे या गावात पाणी पाहावयास येतात. नालाबांध पाहतात, पाझर तलाव पाहतात, विहिरीत डोकावतात, वहीत टिपणे घेतात आणि समाधानाने परत जातात. मात्र ज्या रस्त्याने ती येतात आणि जातात, त्या रस्त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक त्या रस्त्यालाही एक इतिहास आहे, आणि आजच्या विषयाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

1 जून 1948 रोजी, स्वातंत्र्याला वर्षही पूर्ण झालेले नसताना, राज्य परिवहन सेवेची पहिली गाडी पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान याच रस्त्यावरून धावली. बेडफर्ड बनावटीची ती गाडी. लाकडी सांगाडा, काथ्याची आसने. त्याच्या आधी हा सारा प्रवास खासगी वडापवाल्यांच्या मर्जीवर अवलंबून असे. गाडी भरेल तेव्हा सुटणार, भाडे मालक सांगेल तेवढे. त्या दिवशी प्रथमच असे घडले की गाडीत माणसे थोडी असोत वा पुष्कळ, ठरल्या वेळी, ठरल्या भाड्यात ती सुटणार, हे शासनाने सामान्य प्रवाशाला दिलेले वचन होते. पुढे या सेवेने ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे ब्रीद स्वीकारले. ब्रीदवाक्ये पुष्कळ संस्थांच्या भिंतींवर असतात. एसटीचे ब्रीद मात्र डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांपर्यंत चाकांवरून पोहोचले.

गावाचे पाणी आणि शहराचा रस्ता

शहराच्या बस आणि रेल्वे वाहतुकीचा विचार करताना राळेगणसिद्धीचे नाव का घ्यावे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्या गावात मेट्रो नाही, सिग्नल नाही, वाहतूककोंडी नाही. परंतु शहरांना आज जो रोग जडला आहे, तोच रोग पन्नास वर्षांपूर्वी या गावाला वेगळ्या रूपात जडला होता.

1975 च्या सुमारास अण्णा हजारे सैन्यातील नोकरी संपवून गावी परतले. सैन्यात ते वाहनचालक होते. 1965 च्या युद्धात खेमकरण भागात शत्रूच्या हल्ल्यात त्यांचे सहकारी धारातीर्थी पडले आणि ते वाचले. नवी दिल्लीच्या रेल्वेस्थानकावरील पुस्तकाच्या दुकानात घेतलेल्या स्वामी विवेकानंदांच्या एका छोट्या पुस्तकाने त्यांच्या आयुष्याला दिशा दिली, हे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. ते परतले तेव्हा गाव अवर्षणाने आणि दारूच्या भट्ट्यांनी पोखरलेले होते. यादवबाबांच्या मंदिराचे लाकूडसुद्धा भट्टीच्या सरपणात गेलेले. त्या मंदिराचा जीर्णोद्धार हा आरंभ ठरला. मग श्रमदान, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि कुटुंबनियोजन ही पंचसूत्री आली. गळक्या तलावाची दुरुस्ती झाली, नाले अडले, पाणी मुरले.

अभ्यागत येथपर्यंतची कथा आवडीने ऐकतात. खरा धडा मात्र त्यापुढे आहे. पाणी मुरले, विहिरी भरल्या, त्यानंतर त्या पाण्याचे काय करावयाचे? ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने खोल विंधन विहीर घ्यावी, मोठा पंप बसवावा आणि ऊस लावावा, असे ठरले असते तर चार बागायतदार सुखी झाले असते आणि गाव पुन्हा कोरडे पडले असते. गावाने तसे होऊ दिले नाही. शेतीसाठी खासगी विंधन विहिरींना आळा घातला, उसासारखी भरमसाट पाणी पिणारी पिके वर्ज्य केली, सामुदायिक विहिरी खोदल्या आणि पाणीवाटपाच्या पाळ्या ठरवल्या. जमिनीखालचे पाणी कोणा एकाचे नाही, ते गावाचे आहे, हा विचार नियमाच्या रूपाने रुजला. पाऊस तेवढाच राहिला, वाटण्याची रीत बदलली.

शहरातील रस्ता हा असाच जमिनीखालच्या पाण्यासारखा आहे. तो मर्यादित आहे. जुन्या पेठांतून तो रुंद करावयाचा म्हटले तर घरे पाडावी लागतात. उड्डाणपूल बांधले तरी ते पुढच्या चौकात पुन्हा त्याच गर्दीत उतरतात. या मर्यादित रस्त्यावर एकट्या माणसाला घेऊन जाणारी मोटार जेवढी जागा अडवते, तिच्या अडीच-तीन पट जागेत पन्नास-साठ माणसांची बस मावते. ज्याचा पंप मोठा त्याला पाणी अधिक, हा नियम गावाने नाकारला. ज्याची गाडी मोठी त्याला रस्ता अधिक, हा नियम मात्र सुशिक्षित शहरांनी न बोलता स्वीकारला आहे. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात रस्त्याची वाटणी वाहनांच्या नव्हे तर माणसांच्या हिशोबाने व्हावी, असे स्पष्टपणे म्हटले आहे. धोरण चांगले आहे. ते अमलात आणण्याची वेळ आली तेव्हा काय झाले, हे पाहण्यासाठी पुन्हा नगर रस्त्यावरच यावे लागते.

एकाच रस्त्याची कहाणी

पुण्यात 2006 च्या डिसेंबरात बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिका राखण्याचा प्रयोग सातारा रस्ता आणि हडपसरच्या बाजूस सुरू झाला. मोठ्या भारतीय शहरांतील हा आरंभीचा प्रयोग. पुढच्याच वर्षी पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या दोन बससेवा एकत्र करून पुणे महानगर परिवहन महामंडळ स्थापन झाले. 2016 मध्ये नगर रस्त्यावरही येरवड्यापासून वाघोलीच्या दिशेने बसमार्गिका आली. रस्त्याच्या मधोमध थांबे बांधले गेले. काही वर्षे ती चालली आणि मग वाहतूककोंडीचे कारण तीच आहे, असा कौल देऊन तिचे मोठे भाग उखडण्यात आले.

त्या प्रयोगात उणिवा होत्या, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल. मार्गिका मध्येच तुटत होत्या, मधल्या थांब्यापर्यंत रस्ता ओलांडणे वृद्धांना धोक्याचे होते, बसगाड्या पुरेशा नव्हत्या. पण एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. बससाठी राखलेल्या मार्गिकेत दुचाकी आणि मोटारी कोण घालत होते? ते कोणी परके नव्हते. सकाळी मुलांना शिस्तीचे महत्त्व सांगून घराबाहेर पडणारी सुसंस्कृत माणसेच ती होती. राळेगणसिद्धीत बांध फोडून आपल्या शेतात पाणी वळवणाऱ्याला गावापुढे उभे राहावे लागले असते. शहरात मार्गिका फोडणाऱ्याला कोणी विचारले नाही. उलट मार्गिकाच दोषी ठरली.

त्यानंतर त्याच रस्त्यावर मेट्रो आली. 6 मार्च 2022 रोजी पुणे मेट्रोचे पहिले टप्पे सुरू झाले आणि 6 मार्च 2024 रोजी ती रूबी हॉलपासून नगर रस्त्यावरील रामवाडीपर्यंत पोहोचली. रामवाडीपासून वाघोलीच्या विठ्ठलवाडीपर्यंतच्या विस्तारास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये मंजुरी दिली. हे स्वागतार्ह आहे. मात्र मेट्रो ही मोठी नदी आहे. तिला पाणी पुरवणारे ओढे म्हणजे बस. स्थानकापासून घरापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर बस नसेल तर प्रवासी दुचाकी बाहेर काढतो, आणि एकदा दुचाकी काढली की तो थेट कार्यालयापर्यंतच जातो. कोट्यवधींच्या स्थानकाचे यश कोपऱ्यावरच्या एका साध्या थांब्यावर अवलंबून असते.

मोडणे सोपे, उभारणे अवघड

मेट्रो आणि बस यांच्या मधला एक टप्पाही असतो. हलकी रेल्वे किंवा ट्राम म्हणून जगात तो ओळखला जातो. मुंबईला तो अपरिचित नव्हता. 1874 मध्ये तेथे घोड्यांची ट्राम आली, 1907 मध्ये विजेची ट्राम धावू लागली, 1926 मध्ये बस आली आणि 31 मार्च 1964 च्या रात्री शेवटची ट्राम थांबली. मोटारींना अडथळा होतो म्हणून जगातील कितीतरी शहरांनी त्या काळात ट्रामचे रूळ उखडले. पुढे त्यांपैकी अनेक शहरांनी मोठा खर्च करून ते पुन्हा बसवले. आपल्याकडेही केंद्र सरकारने 2019 मध्ये ‘मेट्रोलाइट’ या हलक्या रेल्वेसाठी मानके ठरवली. गर्दीच्या वेळी एका दिशेने ताशी 15,000 पर्यंत प्रवासी असतील, अशा मार्गांसाठी ती आहे. म्हणजे जी गोष्ट साठ वर्षांपूर्वी अडगळ म्हणून टाकली, तिच्याकडे मध्यम शहरांची गरज म्हणून पुन्हा वळावे लागले. मोडण्यापूर्वी विचार केला पाहिजे, हे एवढ्यावरून लक्षात यावे.

मुंबईच्या बेस्टचे उदाहरणही बोलके आहे. जुलै 2019 मध्ये बसचे किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपये केले, तेव्हा प्रवासी मोठ्या संख्येने परतले. सामान्य माणसाला बस नको असते, हा समज त्यामुळे खोटा ठरला. पण बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या घटतच गेल्या, कंत्राटी गाड्यांवरील भिस्त वाढली, थांब्यावरची वाट लांबत गेली, आणि मे 2025 मध्ये किमान भाडे दहा रुपये झाले. भाडे स्वस्त असणे पुरेसे नाही, गाडीही यावी लागते.

या सेवा तोट्यात आहेत, असे वारंवार म्हटले जाते. तोट्याचा हिशोब तपासलाच पाहिजे. गैरव्यवहार असेल तर तो उघडा पाडलाच पाहिजे. त्याबाबतीत राळेगणसिद्धीचा वारसा कोणाला शिकवण्याची गरज नाही. परंतु पाझर तलावाचा नफा-तोटा कोणी तलावाच्या पावतीपुस्तकात पाहत नाही. तो विहिरीच्या पातळीत आणि शेताच्या पिकात पाहतो. बसचाही नफा तिच्या तिकीटपेटीत पूर्णपणे दिसत नाही. वाचलेल्या इंधनात, टळलेल्या अपघातात आणि वेळेवर कामावर पोहोचलेल्या माणसात तो दिसतो. ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 या काळात एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा हा नफा काय होता हे खेड्यापाड्यांना कळले. कर्मचाऱ्यांच्या व्यथा खऱ्या होत्या, आणि फाट्यावर ताटकळणाऱ्या विद्यार्थ्यांच्याही.

अहिल्यादेवींचा वारसा

या जिल्ह्याला आता पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव आहे. जामखेड तालुक्यातील चोंडी हे त्यांचे जन्मगाव. त्यांनी देशभर मंदिरांचा जीर्णोद्धार केला, त्याचबरोबर घाट बांधले, विहिरी-बारवा खोदल्या, धर्मशाळा उभारल्या. वाटसरू कोणत्या प्रांताचा, कोणत्या जातीचा हे त्या बांधकामांनी विचारले नाही. प्रवाशाची सोय करणे हे राज्यकर्त्याचे धर्मकर्तव्य आहे, ही त्यामागील दृष्टी होती. ग्रामीण भागातील मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास देणाऱ्या योजनेला अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे, हे म्हणूनच अत्यंत उचित आहे. त्या पासमुळे किती मुलींची शाळा सुटली नाही, हे गावागावांतील आया सांगतील.

पण येथे समाजाने स्वतःलाही एक प्रश्न विचारावयास हवा. आंदोलन कोणाचेही असो, झेंडा कोणत्याही रंगाचा असो, पहिला दगड एसटीच्या काचेवर का पडतो? ती गाडी शासनाची आहे, म्हणजे कोणाचीच नाही, असे मनात कोठेतरी बसलेले आहे. श्रमदानाने बांधलेला बांध गावकरी फोडत नाहीत, कारण त्यात त्यांचा घाम असतो. बसमध्येही समाजाचा घाम आहे. तो कराच्या आणि तिकिटाच्या रूपाने गेलेला असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही, एवढेच. समाजकार्य करणाऱ्या प्रत्येकाने निदान एवढा निश्चय करावा की आपल्या उपस्थितीत सार्वजनिक वाहनाला हात लागणार नाही.

याखेरीज करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी मंत्रालयाकडे पाहत बसण्याचे कारण नाही. आठवड्यातील एक दिवस कुटुंबातील प्रत्येकाने बसने प्रवास करावा. ज्यांच्या घरी मोटार आहे, त्यांनी तर आवर्जून करावा. कारण निर्णय घेणाऱ्या आणि तक्रार लिहू शकणाऱ्या वर्गाने बस सोडली, तेव्हापासूनच तिचे हाल सुरू झाले. आपल्या वस्तीतील थांब्याला छप्पर आहे का, वेळापत्रक लावलेले आहे का, रात्री दिवा लागतो का, याची पाहणी पाच-सहा जणांनी एका रविवारी करावी आणि तिचा पाठपुरावा नगरसेवकाकडे करावा. थांब्यापुढे मोटार लावू नये, दुसऱ्याने लावली तर नम्रपणे सांगावे. बसमार्गिका पुन्हा आखली गेली, तर पहिल्या दिवसापासून तिची राखण करावी. राळेगणसिद्धीतही आरंभ मंदिराच्या दुरुस्तीपासूनच झाला होता.

1 जून 2022 रोजी एसटीची ‘शिवाई’ ही विजेवर चालणारी गाडी पुणे-अहमदनगर याच मार्गावर प्रथम धावली. काथ्याच्या आसनांपासून विजेच्या गाडीपर्यंत येण्यास चौऱ्याहत्तर वर्षे लागली. यंत्र बदलले; 1948 मध्ये दिलेले वचन मात्र तेच आहे, की गाडी सर्वांसाठी ठरल्या वेळी सुटेल. वाडेगव्हाणच्या फाट्यावर दप्तर घेऊन उभी असलेली मुलगी आणि रामवाडीला मेट्रोतून उतरून पुढच्या बसची वाट पाहणारा कामगार, दोघेही त्या वचनावर विसंबून उभे असतात. ते पाळले जावे, यासाठी शासनाला जागे ठेवणे आणि स्वतः शिस्त पाळणे, ही दोन्ही कामे समाजाची आहेत.